घरात रोजची प्रार्थना सुरू करताना : नाशिकमधल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

नोकरीनिमित्त नाशकात आलेली, नुकतंच लग्न झालेली किंवा पहिलं मूल शाळेत जाऊ लागलेली ख्रिस्ती जोडपी मला नेहमी एकच विचारतात : "रविवारी चर्चला जातो, पण घरात काहीच होत नाही. सुरुवात कुठून करायची?" गावाकडे आजी असते. दिवेलागणीला ती सगळ्यांना बसवते, गीत धरते, शास्त्र उघडते. इथे सातपूर-अंबडच्या शिफ्टा, मुलांचे क्लासेस, सिडकोतली दोन खोल्यांची जागा. आजी गावी राहिली आणि घरची प्रार्थनाही तिच्याबरोबर तिकडेच राहिली.

माझं माहेर जालन्याकडचं, सासर नाशिकचं. आमच्या घरात प्रार्थना हळूहळू बसली. मग मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, इतर घरांतही ती कशी बसते आणि कशी मोडते, ते जवळून बघायला मिळालं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे : घराला खरोखर जेवढी फुरसत आहे तेवढीच प्रार्थना ठेवा, आणि घरात खरोखर जे चाललं आहे तेच तिच्यात आणा. खाली लिहिलेलं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

लागणारं सामान

- छापील मराठी बायबल
- गीतांचं पुस्तक
- एक शंभर पानी वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन (नाहीतर पेन रोज हरवतं)
- भिंतीवरचं कॅलेंडर
- असल्यास पेटी, टाळ. नसल्यास काही अडत नाही.

बायबलबद्दल थोडं सांगते. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक घरांत असतं. त्याची भाषा भारदस्त आहे आणि आपल्याला पाठ असलेली वचनं त्यातलीच आहेत, म्हणून ते हवंच. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला त्यातली वाक्यं जड जातात. त्याच्यासाठी सोप्या भाषेतलं भाषांतर वेगळं घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. सामान्य बायकांना वाचता यावं अशा मराठीत बायबल असावं म्हणून पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतराला दिली. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. तेव्हा सोपं भाषांतर वापरण्यात कमीपणा मानू नका.

नवरा-बायको वेगवेगळ्या मंडळ्यांतून आले असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात आणि कॅथलिक बायबलात ७३. सासरच्या बायबलात एखादं अनोळखी पुस्तक दिसलं तर तो छपाईचा घोळ नाही.

मोबाइलवर बायबल वाचता येतं, हे खरं. पण घरच्या प्रार्थनेत मोबाइल नको, असं मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्या ओवीला (वचनाला) शाळेच्या ग्रुपचा मेसेज येतो, आणि मग सगळं घर उद्याच्या गृहपाठाकडे वळतं.

१. आधी वेळ ठरवा

आमच्याकडे प्रार्थना जेवणाआधी असते. कुकर उतरला, की पानं घ्यायच्या आधी सगळे बसतात. जेवणानंतरची वेळ ठेवणाऱ्या घरांत लहान मूल पेंगतं, मोठं मूल अभ्यासाचं निमित्त काढतं आणि आईचा ओटा आवरायचा राहिलेला असतो. भूक लागलेली माणसं प्रार्थना लांबवत नाहीत, हाही एक फायदा.

कंपनीत शिफ्ट असेल तर एकच वेळ वर्षभर चालणार नाही. रविवारी रात्री कॅलेंडरवर त्या आठवड्याची शिफ्ट लिहा आणि तिच्या खालीच प्रार्थनेची वेळ लिहा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ मोकळी मिळते. सेकंड शिफ्टला घरचा माणूस रात्री साडेअकराला येतो, तेव्हा त्या आठवड्यात सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आधीची पाच मिनिटं ठेवा : एक लहान स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, बस. नाईटच्या आठवड्यात जे घरी असतील त्यांनी बसावं आणि कामावर गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करावी. बाबा मशीनवर उभे आहेत आणि घरी आपलं नाव घेतलं जातंय, हे त्यांना कळलं पाहिजे. मुलांना सांगा, तीच सकाळी त्यांना सांगतील.

एकूण वेळ दहा ते पंधरा मिनिटं. लहान मूल असेल तर दहाच. छान रंगली असली तरी थांबा.

*इथे घरं अडकतात :* पहिल्या आठवड्यात उत्साहाने तासभर बसतात. तीन गीतं, एक अख्खा अध्याय, प्रत्येकाची लांब प्रार्थना. दुसऱ्या आठवड्यात मुलं बाथरूममध्ये लपतात आणि तिसऱ्यात सगळंच बंद पडतं. दुसरी अडचण म्हणजे एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा हट्ट. चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी त्या दिवसापुरतंच करा.

२. पहिल्या आठवड्याचं वाचन

काय वाचायचं ते आयत्या वेळी ठरवायला गेलात की पानं चाळण्यातच वेळ जातो. पहिला आठवडा असा घ्या :

- सोमवार : स्तोत्र २३. सहाच ओव्या आहेत.
- मंगळवार : मार्क ४:३५-४१. वादळात होडी, आणि येशू उशीवर डोकं ठेवून झोपलेला.
- बुधवार : लूक १९:१-१०. झाडावर चढलेला जक्कय.
- गुरुवार : लूक १०:३८-४२. मार्था आणि मरीया.
- शुक्रवार : मार्क १०:१३-१६. मुलांना जवळ घेणारा येशू.
- शनिवार : लूक १५:११-३२. बाप आणि त्याचे दोन मुलगे.
- रविवार : सकाळी चर्चमध्ये जो शास्त्रपाठ झाला, तोच पुन्हा.

गुरुवारच्या पाठाआधी एक सांगते. तो वाचून घरातल्या बाईला "तू मार्थासारखी धावपळ करतेस" असं म्हणायची पद्धत आहे. ती धावपळ थांबावी असं मनापासून वाटत असेल, तर त्या दिवशी भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

त्यानंतर मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची कथा, घ्या. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, १६ अध्यायांचं. रोज आठ-दहा ओव्या वाचल्या तर दोन-तीन महिने पुरतं. मग रूथ वाचा. फक्त चार अध्याय, आणि सासू-सुनेची ही गोष्ट आपल्या घरांत जशी कळते तशी क्वचितच कुठे कळत असेल. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक उघडता येतो. पण अख्खा अध्याय वाचू नका, दोन-तीन ओव्या निवडा.

पुष्कळ कुटुंबं १ जानेवारीला उत्पत्तीपासून सरळ वाचायला घेतात. उत्पत्ती छान जातं, निर्गमही बऱ्यापैकी जातं, आणि लेवीयमध्ये यज्ञांचे नियम सुरू झाले की गाडी थांबते. मोठ्यांनी स्वतःसाठी तसं अवश्य वाचावं, पण मुलांना घेऊन तशी सुरुवात नको.

शनिवारी शक्य असेल तर गावाकडच्या आजीला फोन लावा आणि स्पीकरवर तिला वाचू द्या. (मोबाइलला घरात एवढी एकच सूट.) पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, आणि मग त्याच्या आईत, युनीकेमध्ये, असं पौलाने लिहिलं आहे (२ तीमथ्य १:५). आजीचं वाचन मुलांच्या कानावर पडायलाच हवं.

३. वाचून झाल्यावर बोलायचं कसं

"यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. तो शाळेतला आहे. मुलं ठरलेलं उत्तर देतात, "देवावर विश्वास ठेवावा", आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारा : यात तुला कोण आवडलं? कोणाचा राग आला? तू तिथे असतास तर काय केलं असतंस?

आमच्या घरात बाप आणि दोन मुलग्यांची गोष्ट वाचली, तेव्हा थोरली म्हणाली, "मोठ्या भावाचं बरोबर आहे. तो रोज काम करतो, त्याला साधं करडूसुद्धा मिळालं नाही, आणि पळून गेलेला आला की पार्टी?" धाकटा लगेच उसळला. पाच मिनिटं दोघांचं चांगलंच जुंपलं. मी मध्ये पडले नाही. शेवटी नवऱ्याने एवढंच विचारलं, "मोठ्याला समजवायला बाप स्वतः बाहेर आला होता, हे दिसलं का तुला?" तिने पुस्तक ओढून ती ओवी परत वाचली. त्या संध्याकाळी आणखी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, रविवारी पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारू" असं मोकळेपणाने म्हणा, आणि रविवारी खरंच विचारा. मुलं ते लक्षात ठेवतात.

४. गीत

एक गीत पुरे, तेही दोन कडवी. 'उपासना संगीत' बहुतेक मराठी मंडळ्यांत वापरतात. आपल्या चर्चमध्ये कोणतं पुस्तक चालतं ते बघून तेच घ्या, म्हणजे मुलांना रविवारी तीच गीतं ओळखीची वाटतील. एक गीत आठवडाभर ठेवा. शनिवारपर्यंत ते न बघता म्हणता येतं.

यातली पुष्कळ गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१-१९१९) आहेत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि अभंग-ओवीची चाल त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. म्हणून ती आपल्या तोंडात सहज बसतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे ख्रिस्ती कीर्तनंही करू लागल्या. आपल्याला शास्त्रातलं फार कळत नाही म्हणून घरात पुढाकार घ्यायला संकोचणाऱ्या प्रत्येक बाईला मी लक्ष्मीबाईंचं नाव सांगते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर ढोलकी रोज नको. शेजारी आजारी माणूस किंवा दहावीचं मूल असेल तर बसूनच, हलक्या आवाजात म्हणा.

५. प्रार्थना आणि वही

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. घरच्या प्रार्थनेचा जीव इथे आहे, आणि ती सर्वांत जास्त बिघडतेही इथेच.

क्रम साधा ठेवा. आधी प्रत्येकाने आज कशाबद्दल आभार मानायचे ते एका वाक्यात सांगायचं. मग प्रत्येकाने एक मागणी सांगायची. ती वहीत लिहायची. मग एकाने, आलटून पालटून, सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. ज्याला मोठ्याने बोलायला लाज वाटते त्याने नुसतं "आमेन" म्हटलं तरी चालतं. प्रार्थना रोज वडिलांनीच करायची, असं ठेवू नका. मूल सहा वर्षांचं झालं की त्याचीही पाळी लावा.

वही अशी आखा : पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे तारीख आणि मागणी, उजवीकडे रिकामी जागा. आमच्या वहीतलं एक पान बघा. "आजीचा गुडघा." "सहामाहीचा गणिताचा पेपर." "पप्पांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हावं." "खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा सिव्हिलला ॲडमिट आहे." "वर्गातली ती दोघं मला खेळायला घेत नाहीत." हे शेवटचं धाकट्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. त्याआधी घरात आम्हाला कुणाला ते माहीतच नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मागची पानं उलटा आणि उजवीकडे लिहा. "पेपर बरा गेला." "काकूंचा मुलगा घरी आला." आणि जे झालं नाही तेही लिहा : "कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे लागलं, पगार कमी." उजवीकडची जागा रिकामीच राहिली तरी मागणी खोडू नका. मुलांना गोड उत्तरांचीच यादी दाखवलीत, तर पहिल्या कडू उत्तराला त्यांचा विश्वास डगमगेल. आम्ही मागत राहिलो, कधी मिळालं, कधी नाही, आणि तरीही बसत राहिलो, हे त्यांनी त्या वहीत वाचलेलं बरं.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. प्रार्थनेतून कुणाला बोलणी ऐकवू नका. "हे प्रभू, याला मोबाइल सोडायची बुद्धी दे, आईवडिलांचं ऐकायला शिकव, मागच्या वेळेसारखे मार्क पडू देऊ नकोस..." ही प्रार्थना देवाशी चाललेली नाही. ती समोर डोळे मिटून बसलेल्या पोराशी चालली आहे, आणि त्याला उलट बोलायचीही सोय नाही. अशा चार प्रार्थना ऐकल्या की मूल या वेळेला घाबरू लागतं. सून समोर असताना सासूने, किंवा नवरा समोर असताना बायकोने केलेली अशी प्रार्थनाही त्याच जातीची. मुलाला अभ्यासाबद्दल बोलायचं असेल तर जेवताना सरळ बोला. प्रार्थनेत स्वतःबद्दल बोला : "आज ऑफिसात एकाला मी लागेल असं बोललो, मला क्षमा कर, उद्या त्याच्याशी नीट बोलायला मदत कर." वडिलांच्या तोंडून असं एक वाक्य मुलाने ऐकलं, की क्षमा म्हणजे काय ते त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

कॅथलिक कुटुंबांत संध्याकाळी जपमाळ असते. मुलं लहान असतील तर रोज पूर्ण जपमाळेचा आग्रह धरू नका. एका रहस्यापुरते (येशू-मरीयेच्या जीवनातल्या एका प्रसंगापुरते) दहा मणी म्हणा, आणि मुलाला स्वतःच्या हातात माळ धरू द्या. पूर्ण माळ रविवारी किंवा ऑक्टोबर महिन्यात.

६. भांडण झालेल्या दिवशी

त्या दिवशी प्रार्थना रद्दही करू नका आणि लांबवूही नका. नुसती प्रभूची प्रार्थना म्हणा. "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस" या क्षमेच्या ओळीपाशी आवाज अडखळला तर अडखळू द्या. जबरदस्तीने हातात हात द्यायला लावू नका. राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं इफिसकरांस पत्रात आहे (४:२६), आणि ते आधी मोठ्यांना लागू आहे. चूक मोठ्याची असेल तर मोठ्याने आधी क्षमा मागावी, मुलांसमोर.

७. आजारपण, पैसा, मारहाण : इथे सावध राहा

घरात दुखणं आलं की प्रार्थना वाढते, आणि सल्लेही वाढतात. "विश्वास पुरा असता तर आजार गेला असता" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका. शुगरची, बीपीची, फिट्सची, मनाच्या आजाराची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौलाने 'प्रिय वैद्य' म्हटलं आहे (कलस्सैकरांस ४:१४). प्रार्थना आणि औषध यांत वैर असायचं कारण नाही. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागल्यावर सगळं बिघडलं. आजारी माणसाकडे जाताना हे लक्षात ठेवा.

बरं वाटत नसताना आनंदाचीच गीतं म्हटली पाहिजेत असंही नाही. स्तोत्र १३ उघडा. त्यात माणूस देवाला थेट विचारतो, किती काळ मला विसरणार? बायबलने असं विचारायला जागा ठेवली आहे, तर आपल्या घरातही असू द्या.

मोबाइलवर किंवा टीव्हीवर प्रार्थना करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या अनोळखी माणसाला क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. दान द्यायचं तर ओळखीच्या मंडळीत, पावती घेऊन द्या.

आणि घरात मारहाण होत असेल, तर "सहन कर, प्रार्थना कर" हा सल्ला चुकीचा आहे, मग तो कुणीही दिलेला असो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीची मदत लागली तर ११२ हे नंबर आहेत. आधी जीव सुरक्षित करा. प्रार्थना सुरक्षित जागी बसूनही करता येते.

८. घरात सगळे एका विश्वासाचे नसतील तर

नाशकात अशी घरं पुष्कळ आहेत. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. किंवा मुलगी ख्रिस्ती झाली आणि आईवडील नाहीत. अशा घरात मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेने सुरुवात करू नका. स्वतःची एक जागा आणि एक वेळ ठेवा, बायबल उघडं ठेवून शांत बसा. कुणी विचारलं तर सांगा, नाहीतर राहू द्या. उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या, असं पेत्राने लिहिलं आहे (१ पेत्र ३:१५). सासूबाईंच्या देवघराबद्दल वाकडं बोलू नका, दिवाळीच्या फराळाला आनंदाने जा, त्यांच्या दुखण्याखुपण्याला पहिली हजर राहा. मुलांना कुठे न्यायचं, काय शिकवायचं हे नवरा-बायकोने आधी आपसांत ठरवावं. मुलांच्या आडून एकमेकांना वळवायला जाऊ नये.

९. मंडळीत नाव नोंदवा

घरची प्रार्थना एकट्याच्या बळावर फार काळ टिकत नाही. नाशकात आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एखाद्या मंडळीत नाव नोंदवा. शरणपूर रोडला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं संत आंद्रिया चर्च आहे, त्र्यंबक नाक्याला कॅथलिकांचं होली क्रॉस, नाशिकरोडला संत अण्णा आणि बाळ येशूचं मंदिर. सिडको, देवळाली कॅम्प या भागांतही मंडळ्या आहेत. मराठी उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किती वाजता असते ते आधी विचारून घ्या.

सोबत ठेवा :

- सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले
- दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं असल्यास त्याचा दाखला
- चर्चमध्ये लग्न झालं असल्यास त्याचा दाखला
- आधीच्या मंडळीच्या पाळकांचं किंवा फादरांचं पत्र
- पत्त्याचा पुरावा आणि कुटुंबाचा एक फोटो

*इथे लोक अडकतात :* बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर घरचं नाव असतं आणि आधारवर वेगळंच. गावच्या चर्चचं रजिस्टर जुनं असतं, आणि शोधून देणारे पाळक बदलून गेलेले असतात. म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा दाखले काढून आणा. लग्नाची किंवा मुलाच्या बाप्तिस्म्याची घाई होईपर्यंत थांबू नका. कॅथलिक चर्चमध्ये लग्न असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला, ताजा लागतो. जुना लॅमिनेट केलेला चालत नाही.

१०. घरसभा

ओळख झाली की जवळपासची तीन-चार कुटुंबं मिळून महिन्यातून एकदा घरसभा, म्हणजे एकाच्या घरी एकत्र प्रार्थना, घ्या. नियम एकच : फक्त चहा. एकीने पोहे केले की दुसरी उपमा-शिरा करते, तिसरीला वाटतं आपण कमी पडलो, आणि जिच्या घरी सभा ती संपूर्ण वेळ गॅसजवळ उभी असते. चहा थर्मासमध्ये आधीच भरून ठेवा, म्हणजे तीही बसू शकेल.

११. वर्षाचे सण, आणि मुलांना दाखवायच्या जागा

लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक घेतलात तर नाताळच्या आदल्या रात्री पुस्तक पूर्ण होतं. हे मोठ्या मुलांसाठी. लहानांना अध्यायातली एकच गोष्ट सांगा. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) एखादी गोष्ट सोडायची तर सगळ्या घराने मिळून ठरवा, आणि वाचलेले पैसे कुणाला द्यायचे तेही आधीच ठरवा.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. लांबलांबून लोक येतात, गर्दी प्रचंड असते. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा आणि सकाळी लवकर जा.

शरणपूरला नेलंत तर मुलांना ही गोष्ट सांगा. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकायला होती. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या चमूत गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या नाशकात शिकलेल्या तरुणाने. आमच्या मुलांना ही गोष्ट कुठल्याही राजाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

योहान १५ मध्ये येशू स्वतःला द्राक्षवेल आणि आपल्याला फांद्या म्हणतो. ते वाचायचं तर नाशिकइतकी चांगली जागा नाही. दिंडोरी-निफाडकडे ओळखीच्या कुणाची द्राक्षबाग असेल तर एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर मुलांना न्या. सगळी बाग बोडकी दिसते, आणि मुलं हमखास विचारतात, "हे मेलं का?" मग ऑक्टोबरच्या फळछाटणीला एकदा आणि जानेवारी-फेब्रुवारीत घड लागल्यावर एकदा न्या. तिन्ही वेळा तोच अध्याय तिथेच बांधावर बसून वाचा. फांदी वेलीला कुठे जोडलेली असते ते बागवानाला दाखवायला सांगा. बागेत जायच्या आधी मात्र फोन करून विचारा. फवारणी झालेली असेल त्या दिवशी मुलांना आत नेऊ नका.